झटकलेली बोटं

नियमावर लाल फुली मारली की मंत्री झालेले आमचे सर बोटं झटकतात. बोटांवर आता खडूची भुकटी नसते, पण सवय राहिली आहे.

कॉलेजात ते अर्थशास्त्र शिकवायचे. फळ्यावर एखादा सरकारी नियम लिहून विचारायचे, "हा कुणासाठी केला असेल?" उत्तर मिळेपर्यंत पुढे सरकायचे नाहीत. आता जाचक नियम रद्द करणारं खातं त्यांच्याकडे आहे आणि बैठकीत यादी वाचायचं काम माझ्याकडे. बरेच नियम खरोखरच भिकार होते, मीही खुशीत वाचत होतो.

आज मात्र वाचलं, "कारखान्यातल्या बॉयलरची वार्षिक तपासणी." फुली पडली. माझे वडील बॉयलरवर कामाला होते. तपासनीस येऊन गेला की ते निर्धास्त घरी यायचे, कारण त्याच्या धाकानेच व्हॉल्व्ह दुरुस्त झालेला असायचा. मला गप्प बसवेना.

"सर, हा कुणासाठी केला असेल?"

सरांची बोटं हवेतच थांबली. मग ते हसले. "अरे, वर्गात वेळ असायचा. पुढचा वाच."

मी वाचला. फुली पडली, आणि पाहतो तर बोटं मीही झटकली होती.