दहा ओळी, दहा सह्या

“लिही,” सर म्हणाले. “हर मदर कॅन हार्डली साइन.”

मी लिहिलं. फळ्यावर, माझ्या हातानं, माझ्याच आईबद्दल. हिच्या आईला सही जेमतेम येते. नववीचा अख्खा वर्ग हसला. अर्थ किती जणांना कळला कोण जाणे. सर माझ्याकडे बोट दाखवून हसत होते, तेवढं पुरे होतं.

फळ्यावर लिहायचं काम माझंच. अक्षर चांगलं म्हणून. सर खुर्चीत बसून सांगायचे, मी लिहायची. त्या आठवड्यात कॅन, शुड, मस्ट ही सहायक क्रियापदं आणि त्यांच्या सोबत येणारी क्रियाविशेषणं चालू होती. “कॅन एक बैल, साइन दुसरा बैल. हार्डली म्हणजे जू. ते मधीच बसतं,” असं सर सांगायचे. शिकवायचे छान, खोटं कशाला बोलू? वाक्यात नावं मात्र वर्गातल्याच पोरांची. बागाईतदाराचा विलास कॅन ईझिली विन. सरपंचाची पोरगी विल सर्टनली पास. आम्ही तिघं बौद्ध वस्तीवरचे. आमच्यावर आलं की शब्द बदलायचे. हार्डली. नेव्हर.

शनिवारी पालकसभा झाली होती. तिथे आईनं जन्मातली पहिली सही केली होती. गयाबाई. महिनाभर मी पाटीवर गिरवून घेतलं होतं. तिला वेळ लागला. ‘ग’चा काना तिनं आधी काढला, मग पुढचा आकडा. सर घड्याळ बघत उभे होते. सोमवारी तीच गोष्ट फळ्यावर आली.

“शाब्बास,” माझं वाक्य बघून सर म्हणाले. “सगळ्यांनी दहादा लिहून आणा. पालकाची सही पाहिजे.”

म्हणजे पन्नास वह्यांत माझी आई.

संध्याकाळी आई निंदणीहून आली. हात धुतले, पदराला पुसले, पेन घेतला. न विचारता ती कशावर अंगठासुद्धा द्यायची नाही.

“काय लिव्हलंय?”

“माझी आई आता सोता सही करती, असं लिव्हलंय.”

मी खोटं बोलले. तिच्या तोंडावर जे आलं ते मला बघवलं नाही. तिनं वही मांडीवर घेतली आणि पहिल्या ओळीसमोर सही केली. मग दुसऱ्या ओळीसमोर. मग तिसऱ्या. रोजगार हमीच्या मस्टरवर आजवर ती असाच अंगठा देत आली होती. ओळ आली की निशाणी आली, एवढं तिला माहीत. एकच सही पुरते, हे मी सांगू शकत होते. सांगितलं नाही. ती इतकी मन लावून करत होती, की मला तोंड उघडवेना. दहा ओळी, दहा सह्या. मग उठून तिनं ते पान भिंतीवरच्या फोटोसमोर धरलं. निळा कोट, खिशाला पेन. “बघा,” एवढंच म्हणाली.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी सरांनी माझी वही वर धरली. “हे बघा रे! सही मागितली एक, हिनं मस्टरच भरून आणलं. कोंबडीचे पाय नुसते!” परत हसणं. सरांनी वही माझ्याकडे फेकली. “चल, पुढचं लिही. शी शुड प्रॉबॅब्ली वर्क विथ हर मदर.” हिनं बहुतेक आईसोबत कामालाच जावं.

खडू हातात होता. ‘शी’ लिहून झालं होतं. मग हात थांबला. मी खडू टेबलावर ठेवला.

“मी न्हाई लिहिणार.”

“काय म्हणलीस?”

“न्हाई लिहिणार, सर. तुमचं तुमी लिहा.”

  आठवडाभर वर्गाबाहेर उभं केलं मला. उरलेला धडा मी खिडकीतून ऐकला. शुड आलं, मे आलं, मस्ट आलं. उभ्यानं शिकलेलं विसरत नाही.

आज मी परभणीत इंग्रजी शिकवते. तोच धडा, तेच जू, तेच बैल. माझ्या वाक्यात कुणाचं नाव नसतं, कुणाची आई नसते. मला वाटायचं, झाली की फिट्टंफाट.

परवा मोबाईल वाजला. आमच्या जुन्या वर्गातल्या पोरांचा ग्रुप. सर निवृत्त होतायत, रविवारी सत्कार. विलासनं लिहिलं होतं, “तू इंग्लिशमध्ये भाषण कर. आणि स्टेजवरच्या फळ्यावर तुझ्या अक्षरात चार ओळी पाहिजेत.”

परत माझंच अक्षर.

मी टाइप केलं, आय विल ग्लॅडली कम. आनंदानं येईन. पुसलं. आय मे पॉसिबली कम. जमलं तर येईन. पुसलं. आय कॅन हार्डली... पुढे बोटच सरकेना. दोन दिवस मी घरात येरझाऱ्या घातल्या. भात दोनदा करपला. मुलांच्या वह्या तपासताना चुका दिसेनात. शेवटी उठले आणि पूर्णेची गाडी धरून गावी गेले.

आई लसूण सोलत होती. मी समोर बसले आणि सगळं सांगितलं. वाक्याचा खरा अर्थ सांगितला.

ती उठली. पेटी उघडली, तळाशी हात घातला आणि ती वही काढली. इतकी वर्षं तिनं ती जपून ठेवली होती. खोट्या अर्थासाठी.

“त्यानं मला अडाणी म्हणलं,” आई म्हणाली. “त्याचं काय न्हाई, लय जणांनी म्हणलं. पर तू मला येडी समजलीस. मला सोसायचं न्हाई, असं तूच ठरवलंस.”

“तुला वाईट वाटलं असतं.”

“वाटलं असतं. मंग? माझं वाईट मला वाटू द्यायचं व्हतं.”

 सरांनी माझ्या आईला कमी लेखलं, ते मी खडू ठेवून परत केलं. मी तिला कमी लेखलं, ते इतकी वर्षं तिच्या पेटीत पडून होतं.

तिनं वही माझ्यापुढे सरकवली. “ही पयली बघ. अन् ही धावी बघ.”

मी बघितलं. पहिली सही वाकडी, अक्षरं तुटलेली. पाचवीत काना सरळ झालेला. दहावी स्वच्छ, एका दमात केलेली. ज्या ओळीत सही जेमतेम येते असं लिहिलं होतं, त्याच ओळीसमोर बाई सही शिकली होती. हे सरांना दिसलं नाही. मलाही नाही. आम्हा दोघांनाही तिच्याकडे नीट बघायचं नव्हतं.

“कवा हाय त्याचा सत्कार?”

“रविवारी.”

“मी येणार. म्होरच्या रांगेत बसणार. तू फळ्यावर लिव्ह, अन् सगळ्यांम्होरं अर्थ सांग. खरा.”

“तिथं सगळे असतील, आई. हसतील.”

“हसू दे. मी बसलेली असंन ना तिथं.”

गाडीत बसल्यावर मी ग्रुपवर मराठीत लिहिलं, “येते. फळ्यावर मीच लिहिणार. आईला पुढच्या रांगेत जागा ठेवा.” विलासचा अंगठा आला लगेच. त्याला काय माहीत.

वही माझ्या पिशवीत आहे. सर फेटा बांधून बसलेले असतील, गळ्यात हार असेल. असू दे. मी तेच वाक्य त्याच अक्षरात लिहीन, कुणी सांगितलं ते सांगीन, आणि या वेळी अर्थातला एकही शब्द बदलणार नाही.