कडबाकुट्टीवर पाठ केलेलं इंग्रजी

मी हे लिहावं की नाही, याचा बराच विचार केला. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजला गेलं नव्हतं, आणि मी गेलो तोही अडखळतच. शिवाय परकी भाषा कशी शिकावी हे सांगायला ती येणारा माणूस हवा. तेव्हा वाचणाऱ्यानं सांभाळून घ्यावं. ती मला कशी आली नाही, एवढंच मी सांगू शकतो.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. हातकणंगल्याजवळच्या आमच्या गावाहून मी रेल्वेनं कोल्हापूरला जायचो. बी.ए.च्या पहिल्या वर्षाला बाकीचे विषय सुटले, इंग्रजी राहिलं. वडील रागावले नाहीत. जेवताना एवढंच म्हणाले, "ह्या खेपंला सुटलं तर शीक. न्हायतर हंगाम सुरू झाला की वारणानगरला, कारखान्यावर. मामाला बोलून ठेवलंय."

कॉलेजातल्या मॅडम सांगायच्या, रोज एक वाक्य स्वतःच्या मनानं लिही, चुकलं तरी चालेल. मला ते पटायचं, पण भीती वाटायची. चुकलेलं वाक्य घेऊन मी काय करणार होतो? कोल्हापुरातल्या शाहूपुरीतून जुनं गाइड आणलं आणि पाठांतराला लागलो.

सकाळी म्हशींची वैरण कापायचं काम माझ्याकडे होतं. आई कडबाकुट्टीच्या तोंडात वैरण सारायची, मी चाक फिरवायचो. गाइड समोरच्या भिंतीतल्या दिवळीत उघडं ठेवायचं. एका फेऱ्याला एक वाक्य, लांब असलं तर दोन. काही दिवसांनी गाइड बघायची गरज उरली नाही. चाक फिरलं की इंग्रजी आपोआप बाहेर पडायचं. अर्थ निम्माअर्धा कळायचा.

आई हसायची. "म्हस पास हुईल बघ तुझ्या आदी. ती बी रोज ऐकतीया."

"आये, मधी बोलू नगंस. पुन्ना पयल्यापासनं म्हणाय लागतंय."

ते खरंच होतं. मधूनच सुरुवात मला करता यायची नाही.

परीक्षेत पाठ केलेलाच प्रश्न आला. पहिला परिच्छेद झरझर लिहिला आणि पुढचं वाक्य येईना. पेन ठेवलं, डोळे मिटले. माझा उजवा हात हवेत गोल फिरत होता, हे मला कळलंच नाही.

"ए, कुणाला खुणा करतोस?" सुपरवायझर सर जवळ आले.

"न्हाय सर. आठवतोय."

"हातानं आठवतोस?"

वर्ग हसला. सरांनी माझे खिसे तपासले, मला पहिल्या बाकावर बसवलं आणि दोन्ही हात बाकावर ठेवायला सांगितले. पुढचं ओघात येईल म्हणून तिथं बसून मी उत्तराचं पहिलं वाक्य नव्यानं लिहिलं. ते खोडून पुन्हा तेच लिहिलं. सुटे शब्द मला येत होते. घर, पाणी, रस्ता, शेत, सगळ्यांना इंग्रजीत काय म्हणतात ते माहीत होतं. पण दोन शब्द शेजारी ठेवून आपलं काही सांगायचं, हे मी कधी केलंच नव्हतं. मराठीत वैरण हा शब्द मी कधी शिकलो ते मला आठवत नाही, आणि तरी तो कधी विसरत नाही. इंग्रजीतली कुठली ओळ कुठल्या सकाळी पाठ केली ते आठवत होतं. ओळ मात्र येत नव्हती. उरलेला वेळ मी घड्याळाकडे बघत काढला.

घरी आईनं विचारलं, "लिवलंस न्हवं समदं?"

"व्हय," म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी चाकाला हात लावला आणि तेच उत्तर सुरू झालं. मी ते म्हणत नव्हतो, ते येत होतं, शेवटच्या ओळीपर्यंत, कुठंही न अडता. आई खूश झाली. "येतंय की रं समदं!" मी चाक फिरवत राहिलो, कारण थांबलो असतो तर रडलो असतो.

त्यानंतरचे दिवस कसे गेले ते सांगता येत नाही. जेवण जात नव्हतं. वडील कारखान्याचं नाव काढत नव्हते, त्याचीच जास्त भीती वाटायची. शाहूपुरीत राहणारा एक वर्गमित्र रिझल्ट बघून किराणा दुकानाच्या फोनवर कळवणार होता. शेवटी एका दुपारी दुकानदारानं रस्त्यातूनच हाक मारली, "ए कॉलेजवाल्या, फोन हाय कोल्हापूरचा!"

मी धावलो. वडीलही मागोमाग आले आणि तंबाखू मळत पायरीशी उभे राहिले.

"जेवलास काय रं?" मित्रानं विचारलं.

"रिझल्टचं सांग की."

"आदी जेवून ये जा. मी परत लावतो."

"सांग रं बाबा. वडील हुबं हायेत हितं."



"इंग्रजी न्हाय सुटलं, गड्या. दोनदा बघून आलो बोर्डावर."