नदीकाठची गिरणीवाली

रोह्यात नदीकाठच्या आमच्या आळीत मावशीची पिठाची गिरणी होती आणि मावशीला जगात कुणीच पसंत नव्हतं. दळण घेऊन आलेल्या बाईचे गहू ओंजळीत घेऊन ती विचारायची, "हे माणसांनी खायचंय, की कोंबड्यांना टाकायचंय?" तरी आळीतली एकही बाई दुसऱ्या गिरणीत गेली नाही. तिच्यासारखं पीठ कुणाचंच नव्हतं.

कुंडलिकेचं पाणी आळीत शिरलं त्या वर्षी गिरणीत छातीभर पाणी होतं. ओसरल्यावर पाहिलं तर गव्हाच्या गोणी फुगून फुटलेल्या, मोटरीत गाळ. शेजारच्या आमच्या घराचीही तीच गत. आई उंबऱ्यावर बसून रडत होती. मावशीनं तिच्या हातात खराटा कोंबला. "रडून चिखल पातळ करू नको गो. ऊठ."

पाठोपाठ एक पुढारी फोटोवाल्याला घेऊन प्लास्टिकच्या बादल्या वाटायला आले. मावशीनं बादली घेतली, गाळानं भरली आणि त्यांच्याच हातात दिली. "ही बाहेर ओता. मग काढा फोटो." त्यांनी ओतली, निम्मा गाळ त्यांच्याच पायजम्यावर. "ओतता पण येत नाय," म्हणत ती आत वळली.

मोटर दुरुस्त करून, जोतं हातभर उंच करून तिनं दिवाळीआधी गिरणी सुरू केली. आम्ही मात्र वरसे गावात फ्लॅट घेतला. सामान टेम्पोत चढताना मावशी दारात उभी होती. "पळा, पळा! नदी काय तुमच्याच मागं लागलीय," एवढंच बोलली. त्यानंतर बाजारात आई दिसली, की ती रस्ता बदलायची. आईचं दळण मी कंपनीत जाताना टाकायचो. "पळपुट्यांचं दळण," असं म्हणून ती ते बाजूला ठेवायची आणि सगळ्यात आधी दळायची.

पुढच्याच पावसाळ्यात भर दुपारी पाणी पुन्हा चढू लागलं. आईनं मला स्कूटर काढायला लावली. आळीच्या तोंडाशी गाडी ठेवून आम्ही मांडीभर पाण्यातून गिरणीत शिरलो. मावशी एकटीच मोटरीचे बोल्ट सोडवत होती.

"आलीस? पळालेली माणसं परत येतात व्हय?"

आई जन्मात पहिल्यांदा तिच्यावर ओरडली, "गप बस! मोटर मरू दे. चल!"

मावशीनं पाना खाली टाकला आणि आईचा हात धरला.

गिरणी पुन्हा उभी राहिली नाही. मावशी आमच्याकडेच राहिली आणि आमची लिफ्ट, आमचे शेजारी, आमचं पाकिटातलं पीठ, सगळ्यांना नावं ठेवत राहिली. आई हसून ऐकायची.

शेवटी मावशी अंथरुणाला खिळली, तेव्हा आई तिला पेज भरवत होती. मावशीनं तिचं मनगट धरलं. "त्या दिवशी तू आली नसतीस तर…" पुढं बोलवेना. मग तोंड वाकडं करून म्हणाली, "मीठ कमी हाय. आण जा."

आई मीठ घेऊन आली, तोवर मावशी गेली होती. आईनं मीठ खाली ठेवलं. मग तिनं चमचाभर पेज चाखून पाहिली.

"खरंच कमी होतं," ती म्हणाली.