रशीदचाचांचा मेल

परवा रशीदचाचा गेले.
त्यांचा मेल माझ्याकडे अठरा दिवस पडून होता.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. जाफराबादला तहसीलसमोर चाचांचं टायपिंगचं दुकान होतं. आधी मशीन, मग कॉम्प्युटर. अख्ख्या तालुक्याचे अर्ज आणि मेल तिथूनच जायचे.

बारावीनंतर मी होस्टेलसाठी मेल लिहून नेला होता. चांगलं दीड पान. घरची परिस्थिती, आजोबांची मेंढरं, वडिलांचं आजारपण, सगळं त्यात.

चाचांनी चष्मा कपाळावर चढवला.
"बेटा, तुला पायजे काय?"
"होस्टेलला जागा."
"मंग ते पयल्या वळीत लिही ना! साहेब बिझी माणूस. तुझी मेंढरं मोजत बसंल का तो?"

पाच ओळी ठेवल्या. पहिलीत काम, दुसरीत कधीपर्यंत हवं, मग थोडक्यात कारण, शेवटी फोन नंबर.
सब्जेक्टमधलं 'विनंती अर्ज' पण खोडलं. "ते तर सगळेच लिहितेत."

दोन दिवसांत उत्तर आलं. मी पुढे शिकले ते त्या उत्तरामुळे.

आता मी जालन्यात एका हॉस्पिटलच्या अपॉइंटमेंट डेस्कवर आहे. दिवसभर मेल, मेल आणि मेल. खरं सांगते, थकले आहे मी. गावाकडचे सगळे व्हॉट्सॲपवर रिपोर्ट पाठवायचे, म्हणून मीच एकदा सगळ्यांना बजावलं होतं, मेल करा, दुसरीकडे बघणार नाही.

चाचांनी ऐकलं. मेल केला.

सब्जेक्ट होता 'खैरियत'.
मी डेस्कवर बसून मोबाइलवर वरच्या तीन ओळी वाचल्या. कशी आहेस, सासूबाईंचे गुडघे कसे आहेत, छोटी शाळेत जाते का.
बरं वाटलं. रविवारी निवांत उत्तर देऊ म्हटलं.
दोन रविवार गेले.

परवा दुपारी त्यांच्या मुलीचा, शबानाचा फोन आला. तो ठेवल्यावर मी मेल पूर्ण उघडला. एकदम खाली, दुवा-सलामच्या आधी एक ओळ होती.

"छातीत दुखून राह्यलं काही दिवसांपासून. तुमच्याकडच्या हार्टच्या डॉक्टरचा नंबर लागला तर बघ. जल्दी काही नाही."

मातीनंतर शबानाला विचारलं, चाचांनी असं कसं लिहिलं गं? जन्मभर सगळ्यांना काय शिकवलं त्यांनी?

"मी बी तेच म्हणले. अब्बा, काम वर लिहा. तर म्हणे, ती काय साहेब हाय का? घरची पोरगी हाय. घरच्याला आधी खैरियत विचारतेत."

"मंग तू फोन का न्हाई केला?" मी विचारलं.

"करू देला न्हाई. म्हणे, कामात राह्यते ती, बघंल बराबर."

मेल आला त्या आठवड्यात हार्टच्या डॉक्टरांकडे दोन अपॉइंटमेंट रिकाम्या होत्या. आज मी शेड्यूल काढून बघितलं. बघायला नको होतं.

लोक म्हणतात, वेळ आली होती त्यांची. असेल. मला आज ते पटवून घ्यायचीही ताकद नाही.

चाचा, तुम्ही मला घरची समजून लिहिलंत. मी ते ऑफिसात बसून वाचलं.

माफ करा. अल्लाह तुम्हाला आराम देवो.