भागवत मिस्त्रींचं वाकडं चाडं

कुंभार पिंपळगावच्या भागवत मिस्त्रींना आयुष्यात दोन गोष्टी कधीच कळल्या नाहीत. एक, बायको एवढ्या जल्दी चिडते कशानं. आणि दुसरी, अंबडच्या कारखान्यातली साधना संगणकावर त्यांच्या चाड्याचं नेमकं करते काय.

चाडं म्हणजे पेरणीच्या तिफणीच्या डोक्यावरचं लाकडी वाडगं. मागून चालणारी बाई त्यात मुठीनं बी सोडते, आणि तळाच्या तीन भोकांतून ते तीन नळ्यांत सारखं वाटलं जातं. या ‘सारखं’वर मिस्त्रींच्या तीन पिढ्या जेवल्या. भोकं काय, कुणीही पाडील. खरी मेख वाडग्याच्या आतल्या उतारात. पण दोन वर्षांपूर्वी रंध्याच्या मशीननं मिस्त्रींचा उजवा अंगठा नेला आणि हातातली तासणी सुटली ती सुटलीच. घरात त्यांच्या हातचं एकच चाडं उरलं होतं, त्यातही त्यांची बायको द्वारकाबाई लसूण ठेवत. ते ज्या दिवशी फुटेल त्या दिवशी तो उतारही गेला, एवढं मात्र मिस्त्रींना बराबर कळत होतं. म्हणून अंबडच्या कारखान्याचे मालक रामकिसनशेठ “प्लास्टिकचं चाडं काढू मिस्त्री, आकार तुमचाच,” म्हणाले, तेव्हा मिस्त्रींनी लसूण परातीत ओतला, चाडं पिशवीत घातलं आणि अंबडची एसटी धरली.

साधनानं चाड्याची जागोजाग मापं घेतली. चार दिवसांनी तिनं मिस्त्रींना पडद्यासमोर बसवलं. निळं, तुकतुकीत चाडं तिथं अधांतरी गरगरत होतं.

“ही बघा काका, तुमच्या चाड्याची सरफेस.”

मिस्त्रींनी पडद्यावरून हळूच तळवा फिरवला. “गुळगुळीत तर हाय.”

“काका, ती काच आहे.”

“जाडी किती धरली?”

“जाडी अजून नाहीच. सरफेस म्हणजे नुसतं कातडं. जाडी मागून देऊ.”

मिस्त्रींनी पडद्यावरचा तळवा झटकन मागं घेतला. त्यांनी जन्मभर लाकूड कोरून पोकळी काढली. ही पोरगी आधी पोकळी करून राह्यली आणि लाकूड मागून आणणार! मग तिनं चाड्याभोवती ठिपक्यांचं एक जाळं दाखवलं. एक ठिपका ओढला की तिथं चाड्याला फुगवटा येई, पण शेजारचा भागही थोडा थोडा हलायचा.

“गोधडीवाणी हाय हे,” मिस्त्री म्हणाले. “एकानं ओढली की दुसऱ्याचे पाय उघडे.”

“अगदी बरोबर, काका!”

मिस्त्री खूश झाले. आपण काय बरोबर बोललो ते मात्र त्यांच्या लक्षात आलं नाही.

तेवढ्यात साऱ्या चाड्यावर काळे-पांढरे पट्टे उमटले. “अगं, कीड लागली का काय?”

“नाही हो. हे पट्टे कुठं तुटले नाहीत, म्हणजे उतार कुठं मोडला नाही. तपासायची रीत आहे ती.”

पट्टे एकूण एक अखंड होते. चाडं बिनखोट.

प्लास्टिकचा नमुना निघाला. गुरुवारी साचा कापायला जायचा होता, आणि एकदा पोलाद कापलं की त्यात बदल नाही. सोमवारी परीक्षा ठरली. मूठ टाकायला द्वारकाबाई अंबडला आल्या. गावातली निम्मी पेरणी त्यांच्याच मुठीनं झालेली. खरं तर त्यांना आपलं लसणाचं भांडं परत हवं होतं. तिन्ही नळ्यांखाली पेले ठेवले आणि बाईंनी सवयीनं ज्वारी सोडायला सुरुवात केली.

डावा पेला भरून वाहिला. उजव्याचा तळही झाकला नाही.

“डाव्या तासात जंगल अन् उजव्या तासात माळ,” रामकिसनशेठ म्हणाले. “मिस्त्री, चाडं तुमचंच ना?”

मिस्त्री नमुना फिरवून फिरवून बघत राहिले. इतकं देखणं चाडं त्यांच्या हातून कधी झालं नव्हतं, आणि तेच त्यांना खुपत होतं.

साधना चाचरत म्हणाली, “मी अर्धंच काढलं होतं, काका. उरलेलं अर्धं आरशासारखं उलटवून घेतलं. तसंच करतात सगळे. तुमचं चाडं जरा वाकडं होतं ना... मला वाटलं, अंगठ्यामुळं झालं असेल.”

“हे अंगठा असतानाचं हाय!” म्हणत मिस्त्रींनी जुन्या चाड्यात हात घातला. डावी भिंत खरंच बाहेर फुगलेली होती. चाळीस वर्षं! गावाला इतकी वाकडी चाडी दिली आणि एकानंही तोंडावर सांगितलं नाही!

“त्ये वाकडंच पायजे,” द्वारकाबाई म्हणाल्या. “मूठ उजवीकडून येती. बी डाव्या भितीला आदळतं. तितं पोट असलं म्हंजी उजवीकडं माघारी फिरतं.”

“तुला कुणी सांगितलं?”

“तुमच्या आईनं. मी लगीन होऊन आल्ते, तवा चाड्यावर हुभं करून शिकवलं.”

“मला न्हाई सांगितलं कुणी!”

“बी सोडायचं काम तुमचं कुठं व्हतं?”

साधनानं उलटवलेलं अर्धं पुसून टाकलं. मिस्त्री डोळे मिटून, जुन्या चाड्यात चार बोटं घालून बसले. द्वारकाबाई रिकामी मूठ कुठून येते, कुठं उघडते ते दाखवत राहिल्या. साधना ठिपके ओढू लागली.

“अजून. अजून जरासं. हां... लई झालं, माघारी घे. खाली पोट, वर न्हाई,” मिस्त्री सांगत होते.

पट्टे नागमोडी झाले, पण तुटले नाहीत.

बुधवारी दुसरा नमुना आला. द्वारकाबाईंनी मूठ सोडली. तिन्ही पेले बरोबरीनं चढत गेले, आणि रामकिसनशेठ साच्यावाल्याला फोन लावायला बाहेर गेले.

परतीच्या एसटीत मिस्त्रींनी तिकिटं खिशात घातली. मग म्हणाले, “मंग ते पोट चाळीस वर्षं माझ्या डोक्यात व्हतं का न्हाई?”

“तुमच्या डोक्यात काय व्हतं ते मला नका इचारू,” म्हणत द्वारकाबाईंनी जुनं चाडं पिशवीतून काढून मांडीवर घेतलं. “घरी लसूण परातीत पडलाय.”

मिस्त्रींनी हळूच त्यात हात घातला आणि गाव येईपर्यंत डावी भिंत चाचपत राहिले.