अर्धा मग पाणी

सकाळी सहा चाळीस. बशीर शेख भट्टीच्या नव्या अस्तरावर हातोडीने टकटक करत होता. दाराच्या डाव्या अंगाला आवाज बोदा आला. त्याने नख रुतवलं. नख आत गेलं.

"इसरू, मसाल्यात पाणी कोनं टाकलं?"

"मीच," जोडीदार इसरू म्हणाला. "काल ऊन सत्तेचाळीस होतं, भाऊ. मसाला घमेल्यातच दगड होऊन राह्यला होता. अर्धा मग टाकला."

"चाय बनवून राह्यला होता का?"

चंद्रपूरजवळच्या लोखंड तापवण्याच्या या कारखान्यात बशीर एकतीस वर्षं अस्तर लावतो. वय चोपन्न, घर राजुऱ्याला. फॉस्फोरिक आम्लात कालवलेला हा मसाला घराच्या सिमेंटसारखा पाणी पिऊन पक्का होत नाही. तो आचेवर होतो, साडेतीनशे अंशांच्या पुढे. त्याआधी आतलं पाणी हळूहळू जावं लागतं. घाई केली तर त्याची वाफ होते आणि ती भिंत फोडून निघते.

"तेवढा तुकडा फोडून पुन्हा भरू द्या," बशीरने सुपरवायझर गुणवंतरावांना सांगितलं. "एक दिवस जाईल."

"भट्टी आजच पेटवायची. तुमाले प्रत्येक भिंतीत मुर्दाच दिसते, बशीरभाऊ."

"मले एकाच डोळ्यानं दिसते, साहेब. दुसरा अशाच भिंतीनं नेला."

शेवटी ज्योत बारीक ठेवायचं ठरलं. एकशे दहा अंश, बारा तास. तापमानाचा आकडा बघायला इसरू भट्टीच्या दारापाशी बसला.

दहा वाजता बशीर नळावर गेला. परतला तेव्हा आकडा दोनशे साठ होता आणि गुणवंतरावांचा हात गॅसच्या चावीवर.

"इसरू, सरक!"

इसरू उठला, तेवढ्यात भिंत फुटली. नारळाएवढा तुकडा दारातून सुटला आणि त्याच्या उजव्या कोपराच्या वर बसला. हाड बाहेर आलं. पाठोपाठ बारीक गरम खपल्या उडाल्या. गळा आणि कान भाजले. इसरू कारखान्याच्या भिंतीला टेकून खाली बसला आणि ओकला.

बशीरने आधी चावी बंद केली. मग गुणवंतरावांची कॉलर धरून त्यांना भट्टीच्या दारापर्यंत फरफटत नेलं.

"टाका हात आत. टाका!"

चौघा कामगारांनी बशीरला मागे ओढलं. तोवर गुणवंतरावांचं नाक फुटलं होतं.

इसरूला जीपमध्ये चढवताना तो म्हणाला, "पाणी तर मीच टाकलं होतं, भाऊ."

"पाण्याचा हिशेब नंतर. बस."

हात वाचेल, पण हातोडी धरता येईल की नाही हे डॉक्टरांनी सांगितलं नाही. संध्याकाळी भट्टी निवल्यावर बशीरने घणाने डाव्या अंगाचं सगळं अस्तर पाडलं. कोणी अडवलं नाही. ओल्या तुकड्यांचा ढीग त्याने गुणवंतरावांच्या खुर्चीसमोर ओतला. गॅसच्या चावीची मूठ काढून खिशात घातली.

उद्या मसाला पहाटे पाचला कालवला जाईल आणि ऊन चढण्याआधी, आठला, काम थांबेल. घमेल्याजवळ मग नसेल.