बायकोच्या वर्षाला केलेलं सारू

बायकोला जाऊन वर्ष झालं. त्या वर्षाच्या जेवणाला सारू करायचं ठरवलं, तेव्हा मेव्हणी म्हणाली, "दाजी, लोकं जेवायला येणार हायत. आजारी न्हाईत."

मेव्हणी म्हणजे बायकोची धाकटी बहीण, उमापूरला असते. तोंडानं माझ्यासारखीच फटकळ, म्हणून आमचं जमतं.

आम्ही नवराबायको कर्नाटकात ऊस तोडायला जायचो. तिथं बायकोला ताप आला की फडाशेजारची एक बाई सारू करून द्यायची. तिला मराठी येत नव्हतं, हिला कानडी. चुलीपाशी बसून बघून बघूनच ही शिकली. तुरीच्या डाळीचं पाणी, निखाऱ्यावर भाजलेले टमाटे, चिंच, ठेचलेले मिरे, जिरं, लसूण. हाटेलात त्यालाच रसम म्हणतात. पुढं गावात घरीही ती करायची आणि त्यात भाकर चुरून खायची. ती गेल्यापासून घरात तो वास नव्हता. मला त्या दिवशी तिच्या हातची चव पाहिजे होती, बाकी काही नाही.

बुद्धवंदना झाली, पंगत बसायला लागली. तेवढ्यात मेव्हणी शेंगदाण्याचं कूट घेऊन पातेल्याकडं आली.

"जरा दाट करते. असलं पाणी वाढायचं म्हंजे लाज वाटती."

"कूट पडलं की त्याची आपली आमटी झाली. सर तिकडं." मी पळी आडवी धरली.

"एवढी राखण तुमी बैलांची बी केली न्हाई कधी."

पंगतीत माझा जुना जोडीदार द्रोणात बघून म्हणाला, "डाळ कुठं गेली बे?"

"तळाला हाय. हात घालून काढ."

त्यानं एक घोट घेतला. मिऱ्यानं नाक वाहायला लागलं. उपरण्यानं पुसलं आणि द्रोण पुढं केला. मग ज्याला त्याला सारूच पाहिजे. भाजी तशीच राहिली.

शेवटी मेव्हणी जेवायला बसली. मी तिच्या तोंडाकडं बघत बसलो. बहिणीच्या हातचं तिनं माझ्याइतकंच खाल्लेलं.

"अक्काचं न्हाई हे," ती म्हणाली. "तिचं आंबट असायचं."

मलाही ते कळलं होतं. मी तिचा द्रोण उचलायला हात पुढं केला.

"मग राहू दे," मी म्हणालो.

"कावून? वाढा की अजून."

दुसऱ्या दिवशी ती उमापूरला जायची होती. सकाळी बघतो तर पिशवी दारात तशीच, आणि मेव्हणी चिंच भिजत घालतेय.

"टमाटे भाजा," म्हणाली. "आंबट बरोबर झालं की मी सांगते."